निळ्याचे अकरा थेंब

माझ्या नणंदेला आयुष्यात दोनदा सांगण्यात आलं की आता तुमच्या डोळ्यांची गरज उरलेली नाही. पहिल्यांदा कारखान्याच्या साहेबांनी सांगितलं, दुसऱ्यांदा आम्ही घरच्यांनी. साहेबांना त्यांनी काय उत्तर दिलं ते मी ऐकीव सांगते. आम्हाला दिलं ते माझ्यासमोर घडलं आणि त्याच्या तारखा माझ्याकडे आहेत.

वन्सं माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, आता चौऱ्याहत्तरच्या. लग्न केलं नाही. शिवणाच्या दोऱ्याच्या कारखान्यात, रंगखात्यात एकतीस वर्षं काढली. दोऱ्याची लडी हौदातून निघून वाळली की त्यांच्या टेबलावर यायची. टेबल उत्तरेच्या खिडकीशी, कारण तिथला उजेड दिवसभर सारखा. नमुन्याची लडी एका हातात, नवी दुसऱ्या हातात, दोन्ही बोटांवर ताणून बघायच्या आणि चिठ्ठीवर लिहायच्या, पास किंवा नापास. खाली सही. तिसरा शेरा नाही. "चालून जाईल" असं कुणी म्हटलं तर त्या विचारायच्या, "कुठवर चालून जाईल? गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत? आणि तिथून परत येईल तेव्हा?" त्यांना तिथे सगळे शेडबाई म्हणत.

मग कारखान्यात रंग मोजायचं यंत्र आलं. साहेब म्हणाले, "यंत्र आकडा देईल, तुम्ही फक्त खाली सही करायची."

"आणि बघायचं कुणी?"

"यंत्र बघेल."

"मग सहीही त्यालाच करू दे."

जेवणाचा डबा उचलला आणि दुपारच्या बसने घरी आल्या. निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती. माझ्या यजमानांनी, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाने, अक्षरशः हात जोडले. वन्सं म्हणाल्या, "जे मी बघितलं नाही त्याच्याखाली माझी सही नाही. हात खाली कर, जेवायला बस."

यजमान गेल्यावर त्या माझ्याकडे राहायला आल्या. वहिनीला सोबत हवी म्हणून, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. वन्संना सोबत हवी म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. दोघींचं खरं होतं.

मेणबत्त्यांचा नाद त्यांना रागातून लागला. वीज जाते म्हणून मी बाजारातून एक जाड लाल मेणबत्ती आणली होती. वन्संनी ती खिडकीशी नेली, फिरवून बघितली आणि म्हणाल्या, "हा गुलाबी आहे. ह्याला लाल म्हणून विकताना त्या माणसाची जीभ कशी वळली?" मी म्हटलं, मेणात तसाच येत असेल. "मेणाचं नाव सांगू नकोस. करणाऱ्याने बघितलंच नाही."

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात एका मोठ्या पातेल्यात पाणी आणि त्या पाण्यात मेणाचा डबा उकळत होता. आधी त्यांनी खाण्याचा रंग घातला. तो पाण्याचा रंग, मेणात मिसळेना, तळाशी लाल मणी होऊन बसला. मग चित्रकलेचे खडू किसून घातले. रंग बरा आला, पण वातीत गाळ अडकून ती पाच मिनिटांत गुदमरली. शेवटी मेणात विरघळणारे तेलकट रंग मागवले, छोट्या बाटल्यांत, ड्रॉपरसकट. त्यातला लाल घातला की गुलाबी यायचा, अजून घातला की जास्त गुलाबी. फार घातला तर पुन्हा वात रडायची.

खोल लाल नुसत्या लालातून येत नाही, हे कळायला आम्हाला दोन महिने लागले. अर्धा किलो मेणाला लालचे चाळीस थेंब, तपकिरीचे पाच आणि निळ्याचे फक्त तीन. वन्सं म्हणायच्या, "लाल खोल करायचा तर त्याला जरा दुखवावं लागतं." शिवाय मेण कडक करणारी पांढरी पूड चमचाभर, म्हणजे रंग नीट मुरतो. आणि गरम मेणावर विश्वास ठेवायचा नाही. डब्यात जे काळपट लाल दिसतं ते थिजल्यावर दोन पायऱ्या फिकं होतं. म्हणून प्रत्येक वेळी एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकायचा, गार होऊ द्यायचा, खिडकीशी न्यायचा आणि मग ठरवायचं.

हे थेंब मी माझ्या डायरीतच घेत असे. शाळेत सिस्टरनी सवय लावली होती, आधी तारीख, मग वाक्य, आणि जे झालं तेवढंच. त्यामुळे प्रत्येक घाण्याचं एक पान आहे. तारीख, मापं, शेजारी मेणाचा टिकलीएवढा थेंब. वन्संचा हात थोडा कापू लागल्यापासून ड्रॉपर माझ्या हातात आला. त्या खिडकीशी कागद धरून बसायच्या आणि म्हणायच्या, "निळा, अजून एक." मी घालायची, लिहायची. संध्याकाळी चहा झाला की पान वाचून दाखवायची. त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि पानाखाली सही करायच्या. प्रत्येक घाण्यातली एक मेणबत्ती शेवटपर्यंत जाळून बघायची हाही त्यांचाच नियम. शोभेला ठेवायची तर बाहुली करू म्हणायच्या.

अशी सहा वर्षं गेली. आमच्या मेणबत्त्या चौकातल्या भेटवस्तूंच्या दुकानात जायला लागल्या. दुकानवाली चाळिशीतली, बोलायला गोड आणि कामाला चोख. तिने यंदा साठ जाड मेणबत्त्यांचं काम दिलं. कुठल्याशा सभागृहाचे पडदे गडद लाल होते, टेबलांवर त्याच रंगाच्या मेणबत्त्या हव्या होत्या. तिने पडद्याच्या कापडाचा तुकडाच दिला. समारंभाला दोन महिने होते. पहिल्या चाळीस आम्ही खोक्यात भरून पोचवल्या.

दोन तासांत खोकं परत आलं, दुकानवालीही बरोबर.

"मावशी, रागावू नका," ती म्हणाली, "पण हा लाल नाही. जांभळट आहे."

"लाल आहे," वन्सं म्हणाल्या.

"कापडाशेजारी धरून बघा ना."

"धरूनच केलाय."

दुकानवालीने माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या कापडाची नीट घडी घालायला लागले. कारण मलाही ते जांभळट दिसत होतं, आणि आज नाही, वर्षभर दिसत होतं. पण वन्संनी लाल म्हटलं की तो लाल, अशी माझी ठाम समजूत. माझ्या डोळ्यांना काय कळतंय, शेडबाई का मी?

ती गेल्यावर मी आतल्या खोलीत डायऱ्या काढल्या. निळा, थेंब तीन. तीन. तीन. तीन वर्षांपूर्वीच्या पानावर चार. मग पाच. मग सहा, सहा, आठ. परवाच्या पानावर माझ्याच अक्षरात, सुबक, अकरा. प्रत्येक आकडा मी लिहिला होता, प्रत्येक पान वाचून दाखवलं होतं. नुसतं लिहिण्यात आणि वाचण्यात मी इतकी गर्क की काय लिहितेय ते दिसलंच नाही.

रविवारी माझा मुलगा आला, तेव्हा त्याला हे सांगितलं. तो हळू आवाजात म्हणाला, "आई, आत्याला मोतीबिंदू असणार, डॉक्टरकडे चल म्हणून दोन वर्षं मी मागे लागलोय. निळा रंग फिका दिसत असणार, म्हणून ती घालतच सुटते. तिला सांगून बघ."

"तू सांग."

"मी कशाला? मला अजून तिच्या हातचं जेवायचंय." मग थोडा विचार करून म्हणाला, "असं कर, ड्रॉपर तुझ्या हातात आहे ना? ती कितीही म्हणू दे, तू तीनच घाल. तिला समाधान, दुकानाला लाल. ह्या वयात तिला दुखवायचं कशाला?"

मला ते पटलं. पटायला नको होतं.

मंगळवारी घाणा चढवला. लाल चाळीस, तपकिरी पाच, निळा तीन. थेंब डायरीत घेतला, वन्संनी खिडकीशी नेला. "निळा, अजून एक." मी ड्रॉपर डब्यावर धरला, दाबला नाही, आणि मोठ्याने म्हटलं, "चार." पुन्हा थेंब, पुन्हा खिडकी. "अजून एक." "पाच." असं आठ वेळा झालं. अकरावर वन्संनी पान लांब धरलं, मान वाकडी करून बघितलं आणि समाधानाने म्हणाल्या, "हां. आता लागला."

तिसऱ्या थेंबानंतर त्या डब्यात काहीही पडलं नव्हतं.

मेणबत्त्या साच्यात ओतल्या. चहा झाला. वन्संनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "वाच."

आता माझी गंमत अशी, की तोंडाने मी आठ वेळा खोटं बोलले होते, पण डायरीत खोटं लिहिता आलं नव्हतं. पेन हातात आलं तशी आपोआप तारीख पडली आणि खाली जे झालं ते उतरलं. आणि जे लिहिलंय त्याहून वेगळं वाचायचं, हे साठ वर्षांत कधी केलं नव्हतं.

"लाल, थेंब चाळीस," मी वाचलं. "तपकिरी, पाच. निळा." मी थांबले.

"निळा?"

"निळा, तीन."

वन्संनी डोळे उघडले. "अकरा."

"तीन, वन्सं."

मग सगळं सांगितलं. कुणाची कल्पना तेही सांगितलं, कारण एकटीने मार खायची माझी तयारी नव्हती. त्यांनी रिकामा कप उचलला. मला वाटलं आता कप भिंतीवर जाणार.

"मी आठ वेळा अजून म्हटलं," तो खाली ठेवत त्या म्हणाल्या. "तू काही घातलं नाहीस. आणि तरी शेवटी मला तो बरोबर दिसला."

"हो."

"म्हणजे मी बघत नव्हते. मी मोजत होते."

त्या उठल्या, हातात डायरी घेतली आणि म्हणाल्या, "तिघांतला परका मांड."

ही कारखान्यातली परीक्षा. नव्या मुलीसमोर तीन लड्या ठेवायच्या, दोन एका रंगाच्या, एक किंचित वेगळी. वेगळी ओळखायची. असं पाच वेळा. पाचपैकी पाच आल्या तर रंगखात्यात, नाहीतर गुंडाळीखात्यात. वन्संनी पाठ फिरवली. मी पांढऱ्या ताटलीत मेणाचे तीन तुकडे ठेवले, दोन आजचे तीन थेंबांचे, एक परत आलेल्या मालातला, अकरांचा. मला तो परका तुकडा दारातूनही दिसत होता. वन्संनी ताटली खिडकीशी नेली, डोळ्यांजवळ धरली, लांब धरली.

पाचपैकी दोनदा बरोबर आलं.

"गुंडाळीखातं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. मी वन्संच्या हातात दिला. त्याचं बोलणं मला ऐकू येत होतं. "आत्या, चूक झाली, कबूल. पण जे झालं ते बरंच झालं ना? नव्या मेणबत्त्या आईने कापडाशी लावून बघितल्या, जुळतात. दुकानात देऊन टाकू. पुढच्या वेळेपासून माप ठरलेलंच आहे, चाळीस, पाच, तीन. बघायची गरजच नाही. तू खुर्चीत बसून नुसती देखरेख कर."

"साहेब झालास की तू," वन्सं म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तुझ्या बापाला कळलं असतं. ह्या मेणबत्त्या घराबाहेर जाणार नाहीत."

"पण रंग बरोबर आहे, आत्या."

"असेल. मी बघितलेला नाही. आता काम कर, डोळ्यांच्या डॉक्टरकडे वेळ घे. दोन वर्षं माझ्या मागे लागला होतास ना, मग आता पळ."

डॉक्टर तरुण होता. त्याने तपासून दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू सांगितला. आधी उजवा करू, डावा नंतर. "आजी, इतके दिवस काय करत होतात?"

"काम," वन्सं म्हणाल्या.

"आता आराम करायचा. ह्या वयात टीव्ही दिसला, माणसं ओळखू आली म्हणजे झालं."

"माणसं मला आवाजावरून ओळखता येतात. मला निळा हवाय. मिळेल की नाही तेवढं सांगा."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "त्यांना खरंच निळाच हवाय."

शस्त्रक्रिया वीस मिनिटांत झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, काळा चष्मा दिला, पंधरा दिवस चुलीजवळ जायचं नाही असं बजावलं. घरी आल्यावर वन्सं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, चष्मा वर केला आणि एकदा उजवा डोळा झाकला, एकदा डावा. मग पुन्हा.

"ह्या फरश्या कधी बदलल्या?"

"बदलल्या नाहीत. पहिल्यापासून निळ्याच आहेत."

"मी राखाडी समजत होते." पुन्हा उजवा डोळा झाकला. "हा डावा अजून चहातून बघतोय."

मला वाटलं आता डोळे भरून येतील. तसलं काही नाही. "डायरी आण," त्या म्हणाल्या. "सगळ्या आण. आणि लाल पेन."

खिडकीशी बसून त्यांनी सहा वर्षांचे थेंब पहिल्यापासून बघितले. बंद पानांत असल्यामुळे ते विटले नव्हते. तीन थेंबांची पानं भराभर गेली. चारांवर आणि पाचांवर थांबल्या, मान हलवली, पुढे गेल्या. सहांच्या पहिल्या पानावर स्वतःच्या सहीशेजारी लाल अक्षरात लिहिलं, नापास. आणि त्याखाली पुन्हा सही केली. मग पुढचं पान.

"अहो वन्सं, राहू द्या ना," मी म्हटलं. "लोकांनी आवडीने नेल्या त्या. कुणी तक्रार केली नाही."

"लोकांनी आवडीने नेल्या आणि मी लाल म्हणून दिल्या. त्यातलं माझं तेवढं मी बघतेय. लोकांचं लोक बघतील."

तेवीस पानं नापास झाली. मी मोजली, कारण मी मोजतेच. माझ्या वहीत दुसऱ्याने लाल पेन चालवलेलं मला शाळेतही खपत नसे, पण पुढची डायरी मीच उघडून दिली.

शेवटी मंगळवारचं पान आलं, माझ्या लबाडीचं. तो घाणा त्यांनी थेंबावरून बघितला, मग मेणबत्तीच मागवली, पडद्याचं कापड मागवलं, दोन्ही शेजारी धरून बराच वेळ बघितलं. रविवार होता, मुलगा समोरच बसला होता, आणि त्याच्या तोंडावर मी सांगितलं नव्हतं का असा भाव होता.

"नापास," वन्सं म्हणाल्या.

"आत्या, आता हे अति होतंय."

"हा कच्चा आहे. कापड ह्याहून खोल आहे. चौथा थेंब हवा होता."

"एक थेंब? अर्ध्या किलोत? कुणाला दिसणार आहे?"

"मला. इथे बस, ह्या खुर्चीत. आता बघ. घाई करू नकोस, गाडी पकडायची नाहीये."

तो बसला. बघत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "थोडासा विटकरीकडे झुकतोय का?"

"बघ. तुलाही डोळे आहेत की. वापरत नाहीस एवढंच."

पंधरा दिवस त्या चुलीजवळ गेल्या नाहीत. सोळाव्या दिवशीही मी त्यांना दाराच्या आत येऊ दिलं नाही. खुर्ची खिडकीशी बाहेर ठेवली. मी आत थेंब घालायची, पान घेऊन बाहेर जायची. तीन. "अजून एक." ह्या वेळी ड्रॉपर दाबला. चार. वन्संनी पान बघितलं, उजव्या डोळ्याने, डावा तळहाताने झाकून. मग कापड बघितलं. मग पुन्हा पान.

"पाचवा घालू का?" मी विचारलं.

"घालशील तर हात मोडेन."

प्रत्येक घाणा असाच बघून साठ मेणबत्त्या झाल्या. एक जाळली, ती तळापर्यंत शांत जळली. दुकानात आम्ही दोघी गेलो, मुलाने खोकी गाडीतून उतरवून दिली. दुकानवालीने मधल्या काळात छताला पिवळे दिवे लावले होते, वस्तू उठून दिसाव्यात म्हणून. तिने एक मेणबत्ती उचलली, त्या दिव्याखाली कापडाशेजारी धरली, आणि तिच्या कपाळावर आठी आली.

"मावशी, मागच्यापेक्षा खूपच छान आहे. पण आता जरा उलट झालंय का? थोडं विटकरी?" मग समजुतीच्या आवाजात म्हणाली, "हे बघा, तुम्ही एवढं ऑपरेशन करून आलात. मी चालवून घेईन. सभागृहवाल्यांना काय कळतंय? आणि त्या मागच्या चाळीस आहेत ना, त्याही द्या. वाईन रंग म्हणून काढून टाकू."

"त्या नापास आहेत. आम्ही घरी जाळतोय," वन्सं म्हणाल्या. "आणि ह्या चालवून घ्यायच्या नाहीत."

त्यांनी तिच्या हातातून मेणबत्ती घेतली, कापड घेतलं आणि दुकानाबाहेर पडल्या. दुकानवाली मागोमाग. मी तिच्या मागे. फुटपाथवर रखरखीत ऊन होतं. वन्संनी वर बघितलं, "हे ऊन नको," म्हणाल्या, आणि सरळ रस्त्यात उतरल्या. समोरच्या बाजूला इमारतीची सावली पडली होती, तिथे त्यांना जायचं होतं. डावा डोळा अजून धड नाही, डावीकडून येणारं काही दिसत नाही, आणि बाई मेणबत्ती पुढे धरून चालल्या आहेत. एक टेम्पो करकचून थांबला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. टेम्पोवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "आजी, दिवसाढवळ्या मेणबत्ती घेऊन काय शोधताय?"

"उजेड," वन्सं त्याच्याकडे न बघता म्हणाल्या.

समोर किल्ल्या करणाऱ्याची टपरी होती. त्याच्या फळीवर त्यांनी कापड पसरलं आणि मेणबत्ती त्यावर आडवी ठेवली. किल्लीवाल्याने आपलं सामान सरकवून जागा करून दिली.

दुकानवाली धापा टाकत आली. "मावशी, मी कुठे नाही म्हणतेय? तुम्ही सांगा, ह्याला काय म्हणायचं? तुम्ही म्हणाल ते मला मान्य."

"माझं ऐकून मान्य करू नका. ते माझ्या घरच्यांनी तीन वर्षं केलं." ह्या वाक्याला मी रस्त्याकडे बघितलं. "तुम्ही मागच्या वेळी खोकं परत आणलंत, तोंडावर सांगितलंत, ते बरोबर केलंत. आता तसंच बघा. मी तुम्हाला विचारत नाहीये, दाखवतेय."

दुकानवाली वाकली. सावलीतल्या त्या सारख्या उजेडात कापड कुठे संपतं आणि मेण कुठे सुरू होतं ते फक्त चकाकीवरून कळत होतं. किल्लीवालाही वाकला. त्याला कुणी विचारलं नव्हतं, तरी तो म्हणाला, "एकच आहे की हो."

दुकानवालीने कापडाची कड मेणबत्तीला लावून बघितली. मग म्हणाली, "इथे एकच आहे. पण सभागृहात दिवे पिवळेच असणार, मावशी. तिथे पुन्हा वेगळं दिसलं तर?"

"तर दिवे बदला," वन्सं म्हणाल्या, आणि मेणबत्ती तिच्या हातात देऊन रस्ता ओलांडायला वळल्या. मी त्यांचा डावा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही.